आज स्तोत्र सगळ्यांचं एकदम संपलं

ग्रुपवर विचारलंत ना, बायबलचं कोणतं भाषांतर वाचता, अभ्यासाला कोणतं ॲप बरं? उत्तर द्यायचं राहूनच गेलं.

आई गेल्यावर आज पहिल्यांदाच आमच्या महाडच्या घरी प्रार्थनेला माणसं जमली. आमच्यात स्तोत्र सगळे मिळून मोठ्यानं वाचतात, ज्याच्या त्याच्या बायबलमधून. आम्हा सगळ्यांकडे नवं, सोपं भाषांतर. मी तर मोबाईलवरच वाचतो. आईकडे जुनं. त्यातली वाक्यं लांब, म्हणून ती नेहमी मागे राहायची. तिचं संपेपर्यंत आम्ही थांबायचो, मगच आमेन.

आज सगळ्यांचं एकदम संपलं. मी आमेन म्हणणार, तोच पोलादपूरची मावशी डोळे मिटूनच म्हणाली, “थांब रे, तायचं व्हायचं हाय अजून.”

नेहमी थांबायचो तेवढं थांबलो. मग मावशीनंच आमेन म्हटलं.

मला रडू आलं नाही. चहाचे कप विसळले, शिफ्टला निघालो. आता कंपनीच्या बसमध्ये बसून लिहितोय.

आईचं बायबल तिच्यासोबत शवपेटीत ठेवलं. जुनं भाषांतर कुठल्या ॲपवर मिळेल? पुढच्या वेळी मागे राहायला कुणीतरी हवं.