बादलीतला सहावा तांब्या

संभाजीनगरहून आम्ही दरवर्षी वेरूळला जातो आणि घृष्णेश्वराच्या देवळाजवळच्या निजामकाळच्या दगडी लॉजवर उतरतो. दुष्काळाच्या वर्षांत तिथला म्हातारा रखवालदार खोलीमागे एकच बादली द्यायचा आणि न्हाणीबाहेर उभा राहून तांबे मोजायचा. "साहेब, सहावा झाला! पोहायलात का?"

एकदा आईच्या हातून बादली लवंडली. पारोशी दर्शनाला कशी जाऊ, म्हणून ती रडकुंडीला आली. म्हाताऱ्यानं स्वतःच्या आंघोळीची बादली आणून न्हाणीत ठेवली. रोज पहाटे पहिलं दर्शन घेणारा तो माणूस त्या दिवशी लॉजच्या पायरीवरूनच कळसाला हात जोडून उभा राहिला.

"देवळात नाही गेलात?" मी विचारलं.

"आज पारोसा हाय, साहेब." आणि न्हाणीकडं वळून ओरडला, "आईसाहेब, सहावा झाला!"