पवित्र गुरुवारचा हंडा

त्या संध्याकाळी माझे पाय धुतले गेले, तेव्हा मी जी हादरले, ती अजून सावरलेले नाही.

उमापूरजवळच्या आमच्या गावात दुष्काळाने विहिरी तळाला गेल्या होत्या. मी सहकारी दूध संस्थेत दूध मोजून घेते. पवित्र गुरुवारी प्रभूने शिष्यांचे पाय धुतल्याची आठवण म्हणून आमच्या चर्चमध्ये एकमेकांचे पाय धुतात. यंदा ते राहील म्हणून पाळकबाबा हळहळत होते. मग मंडळीतल्या प्रत्येक घराने टँकरच्या वाट्यातून तांब्या तांब्या पाणी संस्थेत आणून दिले. आम्हाला थेंब थेंब गोळा करायची सवयच आहे. हंडा भरला आणि तो चर्चमध्ये पोचवायचे काम माझ्यावर आले.

वाट चारा छावणीतून जाते. तिथे कोंडाबाई ऊर बडवत होती. ही धनगराची म्हातारी, एकटी, एका गाईच्या जिवावर जगणारी. गाय दुपारी व्याली होती आणि आता मान टाकून पडली होती.

"ताय, माजी गाय चालली वं! टाकीत थेंब न्हाई, टँकर आला न्हाई!"

पाणी माझे नव्हते, देवाचे होते, शिवाय साऱ्या मंडळीचे. मी मनात म्हटले, प्रभू, आता तूच सांग. गाईने डोळे फिरवले आणि मी हंडा उतरवला. थोडेच द्यायचे ठरवले होते, पण कोंडाबाई गूळ कालवत गेली, मी ओतत गेले, उरलेले गाईच्या अंगावर शिंपडले. दिवस कलताना गाय धडपडत उभी राहिली आणि वासराला चाटू लागली.

रिकामा हंडा घेऊन चर्चमध्ये गेले. सगळे चपला काढून बसलेले. मी घडले ते सांगितले. "देवाचं पाणी गुरापुढं ओतलं?" कोणीतरी पुटपुटले. मी रिकामा हंडा खाली ठेवला.

तेवढ्यात दारात कोंडाबाई. टँकर आला होता. तिच्या पिण्याच्या वाट्यातला तांब्या हातात होता. ती सरळ माझ्यापुढे बसली आणि माझा पाय ओढू लागली. मी दचकून मागे घेतला.

"कावून मागं घेता? आमच्यात सुईणीचे पाय धुत्यात. माजी गाय मरणातून तुमी सोडवली."

मी पाय पुढे केला. तिला ना गुरुवार ठाऊक, ना प्रभूची ती रात्र. माझ्या भेगाळल्या टाचांवरून तिने पाणी सोडले, पदराने पुसले आणि "गाय एकटी हाय" म्हणत निघूनही गेली.

पुटपुटणारा माणूस रडत होता. पाळकबाबांच्या खांद्यावरचा टॉवेल कोरडाच राहिला. मला वाटायचे, सेवा म्हणजे द्यायचे. त्या दिवशी प्रभूने माझ्याकडून हंडा घेतला, तोवर सोपे होते. पाय पुढे करणे मात्र फार जड गेले. त्याच्या कृपेसाठी मी रोज आभार मानते, आणि छावणीवरून जाताना आजही पाय आपोआप हळू पडतात.