छानकाकांनी नावं ठेवली

फ्रेमवाल्यांना अख्खी गल्ली छानकाका म्हणायची. गिऱ्हाईक काहीही घेऊन येवो, लग्नातला डोळे मिटलेला फोटो किंवा निवृत्त साहेबांनी काढलेलं निसर्गचित्र, काका ते उजेडात धरायचे आणि म्हणायचे, "छान आहे." मग पट्टी निवडायची, काच कापायची, मागे पुठ्ठा ठोकायचा. त्यांचा हिशेब साधा होता. माणूस भिंतीवर लावायला निघालाय, म्हणजे त्याचं मन ठरलेलं आहे. आपण कशाला मोडता घाला?

घरीही तेच. खारट भाजी छान, करपलेली पोळी छान. मुलीने पसंत केलेला नवराही पहिल्याच भेटीत छान ठरला. तो बिचारा अजून सासऱ्यांसमोर खुर्चीच्या टोकावरच बसायचा.

त्या वर्षी एका हिंदी पिक्चरने सगळ्यांचं डोकं खाल्लं होतं. बसच्या पाठीवर हिरो, बिस्किटाच्या पुड्यावर हिरो. त्याने म्हणे भूमिकेसाठी वजन वाढवलं, मग उतरवलं, मग पुन्हा वाढवलं, आणि दर वेळी बातमी झाली. पिक्चर यायच्या आधीच काकांनी त्याची कितीतरी पोस्टरं फ्रेम करून दिली होती. जावयाने हौसेने घरच्या सगळ्यांची तिकिटं काढली, दुपारच्या खेळाची.

"बाबा, असा पिक्चर पुन्हा होणे नाही," तो म्हणाला. ते खरं ठरो, असं नंतर सगळ्यांनाच वाटलं.

हिरो सुरुवातीलाच मेला. लोक हळहळले. मग त्याचा जुळा भाऊ आला आणि हळहळ फुकट गेली. मध्यंतरानंतर मेलेलाही परत आला. दोघे या विमानावरून त्या विमानावर उड्या मारायला लागले, तेव्हा काकूंनी पर्स आवरायला घेतली. काका मात्र शेवटपर्यंत ताठ बसून होते.

सगळे बाहेर जिन्यावर आले. मुलगी मोबाईलमध्ये तोंड खुपसून होती, जावई तिकिटाची घडी घालत होता. काकूंनी नवऱ्याला कोपराने ढोसलं. आता हे छान म्हणतील आणि वेळ निभावून नेतील, अशी त्यांची खात्री होती.

"टाकाऊ आहे," काका म्हणाले.

मुलगी घाबरून आईकडे बघायला लागली. जावयाने मात्र हळूच मान वर केली.

"बाबा, मला तर तो जुळा आला तेव्हाच उठावंसं वाटलं होतं. पण तिकिटं मीच काढलेली ना."

"मला वाटलं, तुम्हाला आवडतोय. म्हणून बसून राहिलो."

दोघे जिन्यावरच हसत सुटले. पुढे चहा पिताना त्यांनी त्या पिक्चरची पार सालं काढली. काकू नवऱ्याकडे बघत राहिल्या.

घरी आल्यावर त्यांनी चप्पलही काढली नाही. "म्हणजे तुम्हाला नावं ठेवता येतात तर."

"अगं, पिक्चर होता तो."

"माझ्या बहिणीने विणलेला स्वेटर कसा आहे?"

"छान आहे."

"खरं सांगा."

"टोचतो."

"आणि हा हॉलचा रंग? मी निवडलेला?"

काकांनी जांभळ्या भिंतीकडे पाहिलं. तिच्यासमोर बसून ते कित्येक वर्षं जेवत आले होते. "सवय झाली आता," ते म्हणाले.

काकू चार दिवस कामापुरतंच बोलल्या. भाजी कशी झाली, हे विचारणंही बंद झालं. शेवटी एकदा काकांनी आपणहून मीठ मागितलं. काकूंनी बरणी जरा आपटलीच, पण दिली. काही दिवसांत हॉल पांढरा झाला. रंग काकूंनीच ठरवला. काकांचं मत घ्यायच्या भानगडीत त्या पडल्या नाहीत.

जावई मात्र सुटीच्या दिवशी दुकानात येऊन ऐसपैस बसायला लागला. सासरे पट्ट्या कापायचे, हा चहा सांगायचा, आणि दोघे मिळून येणाऱ्या प्रत्येक पिक्चरचे वाभाडे काढायचे, बहुतेकदा तो न बघताच.

"माझ्याशी जन्मात एवढं बोलले नाहीत," काकू म्हणायच्या.

"माझ्याशी तरी कुठे," मुलगी म्हणायची. एक दिवस ती वैतागून दुकानात आली. "बाबा, तुम्ही दोघं एकदा एखादा चांगला पिक्चर बघा. म्हणजे हा सुटीला घरी तरी थांबेल."

त्यांनी तेही केलं. कोणी नावही न ऐकलेला पिक्चर होता. दोघांनाही मनापासून आवडला. बाहेर आल्यावर थोडा वेळ ते जिन्याशी उभे राहिले. बोलण्यासारखं काही सुचेना, तेव्हा चहा न घेताच आपापल्या घरी गेले.