माझ्या बदल्यात आलेला माणूस

मला देऊन त्याला घेतलं होतं.

विलास गेला त्याला आज वर्ष झालं. आणि आज नेमका शुक्रवार.

पहाटे फज्रची नमाज झाल्यावर शुक्रवारी मॅचपर्यंत मी परत थोडा आडवा होतो. आज झालो नाही. कपाटावरचे कीपिंगचे जुने ग्लोव्ह्ज काढले, धूळ पुसली, पिशवीत घातले आणि चालत निघालो.

ज्यांना आमचं सौदीतल्या यान्बूचं क्रिकेट माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो.

इथे कामगारांच्या प्रत्येक कॅम्पची टीम आहे. टेनिस बॉल, खडीचं ग्राउंड. दर शुक्रवारी उजाडताच मॅच सुरू, जुम्म्याच्या नमाजीच्या आंघोळीआधी खलास.

मी सलीमच्या टीमचा कीपर होतो. सलीम माझ्या गावचा. सातवीपर्यंत आम्ही एका बाकावर बसलो. मला इथे कामाला आणलं तेही त्यानेच.

एका सकाळी ग्रुपवर त्याचा मेसेज आला.

"हनीफ पलीकडच्या कॅम्पला दिला. बदल्यात बॉलर विलास घेतला. यल्ला, चला, उद्या सगळे वेळेवर."

मी तो सगळ्यांबरोबर वाचला. त्याआधी मला कोणी काही विचारलं नव्हतं.

त्या दिवसापासून सलीमशी बोलणं बंद. त्याने सलाम केला तर उत्तर द्यायचो, कारण ते देणं भाग आहे. त्यापुढे एक शब्द नाही.

त्याच संध्याकाळी माझ्या रूमचं दार वाजलं. बाहेर एक उंच, काटकुळा माणूस. जाड चष्मा, हातात खजुराचा डबा.

"मी विलास. सिन्नरकडचा. तुमच्या बदल्यात आलेला माल. बघून घ्या, तुमची टीम फसली तर नाही ना."

मला हसायचं नव्हतं. हसलो.

मॅचनंतर दोन्ही टीमची माणसं मलबाऱ्याच्या बुफियात, म्हणजे टपरीत, चहाला थांबायची. तिथे महिनोन्महिने एकच विषय. सौदा कोणाचा चुकला?

"चष्मेवाल्यासाठी असला कीपर घालवला? रनअप आहे का त्याला? बॉल टाकतो की बसची वाट बघतो?"

"रनअप काय करायचा आहे? विकेट मोज ना."

"आणि कॅच सुटतात त्या कोण मोजणार?"

सगळ्यात जोरात भांडायचा तो स्वतः विलास. पण माझ्या बाजूने.

"माझा सौदा तोट्याचाच आहे हो. आज तीन स्टम्पिंग गेल्या. मागे भाई असते तर गेल्या असत्या का?"

मग मला गप्प बसवायचं नाही. "विलासरावांची बॉलिंग तुम्ही समोर उभं राहून खेळा, मग बोला," मी म्हणायचो.

"घ्या," मलबारी हिंदीत म्हणायचा, "ये दोनों एक-दूसरे का वकील है."

मग विलास घड्याळ बघायचा. "चला भाई, तुमची नमाज. केस पुढच्या शुक्रवारी."

एकदा तो मला गाडीने सोडायला आला. एसी लावून तसाच बसून राहिला.

"भाई, एक बोलू का? सलीमशेठशी बोला आता."

मी दाराच्या हँडलला हात घातला.

"परक्या माणसाला देताना माणूस दहा वेळा विचारतो. तुम्हाला त्यांनी घरचं समजून दिलं. त्यांच्या डोक्यातच आलं नाही हो, की तुम्हाला लागेल."

"घरच्यालाही विचारायचं असतं, विलासराव."

त्याने चष्मा काढला, शर्टाला पुसला, परत घातला. बॉल टाकण्याआधी करायचा तसंच.

"हेही बरोबर आहे," म्हणाला.

पण त्याने सोडलं नाही. दर ईदला शीरखुर्मा खायला माझ्याकडे यायचा आणि निघताना एक डबा मागायचा. कोणासाठी ते सांगायचा नाही. मला माहीत होतं. मी भरून द्यायचो.

मागच्या वर्षी ड्युटीवरून आला, चहा ठेवला आणि खाली बसला तो उठलाच नाही. हार्ट. गॅस शेजारच्याने बंद केला.

घरी बायको, दोन मुली. त्याला गावी पाठवायच्या कागदांसाठी सलीम आणि मी एकाच गाडीतून ऑफिसं फिरलो. पुढच्या सीटवर तो, मागे मी. कागदांपुरतं बोललो. विलास असता तर त्या गाडीत त्याने आम्हाला काहीतरी बोलायला लावलंच असतं.

त्याच्या धर्मात गेलेल्या माणसासाठी काय म्हणतात ते मला येत नाही. मी नमाजीनंतर साध्या मराठीत मागतो. त्याच्या मुलींना सांभाळ, एवढंच.

वर्षभर मागताना एक गोष्ट मनात खुपत राहिली. त्याने माझ्याकडे आयुष्यात एकच गोष्ट मागितली होती. मी डबे भरून दिले, पण ती दिली नाही.

म्हणून आज सकाळी सलीमच्या टीमच्या बाजूला गेलो.

तो स्टम्प ठोकत होता. केस सगळे पांढरे झालेत त्याचे. इतक्या वर्षांत मी नीट बघितलंच नव्हतं.

आज सलाम मी आधी केला.

त्याने उत्तर दिलं. माझ्या पिशवीकडे बघितलं. हातातला स्टम्प तसाच धरून उभा राहिला.

"मी तेव्हा विचारायला यायला पाहिजे होतं, हनीफ."

"मग आता विचार."

त्याने स्टम्प खाली ठेवला.

"खेळतोस का आमच्याकडून?"

"हो."

"तुझ्या कॅप्टनला सांगितलंस?"

"विचारून आलोय."

तो हसला, आणि मग तोंड फिरवून डोळे पुसायला लागला. मी ग्लोव्ह्ज चढवले आणि स्टम्पमागे जाऊन बसलो. समोर रनअपवर कोणीतरी नवीन पोरगा होता. चष्मा नव्हता त्याला.

विलासराव, तुमची केस तुम्ही जिंकलात. निकाल ऐकायला तुम्ही नाही.

तुमच्या आठवणीला या कीपरचा सलाम.

मी परत आलोय.