नवसूदादाचा फॉर्म का पडला

दादाला जाऊन सोमवारी वरीस हुईल. वाडीच्या ग्रुपवर सगळे त्याचा फोटू टाकत्याल. टाका. पर त्याच्या आदी मला एक सांगायचंय. फोनमदी बोलून टाइप करतीया, चुकलं तर समजून घ्या. मी बबिता, नवसूची धाकटी भैन, मळवलीला बंगल्यावर कामाला आसती.

दादा नववीपतोर शिकला. मंग कोंडाजीआबांच्या मागं फिरायला लागला. आबा तवा नवीन पुढारी. पयलं दादा बॅनर बांधायचा, मंग आबांला सल्ला द्यायला लागला. आबा वाडीत गाडीतनं उतरायच्या आदी दादा कानात सांगायचा, "ह्या सावित्राबाई, बैल मेला गेल्या म्हैन्यात. पोरीचं इचारू नका, ती नांदत न्हाई." आबा उतरले की म्हणायचे, "सावित्राबाई, बैलाचं लय वाईट झालं ओ." म्हातारी दोन दिस तेच सांगत फिरायची, आबांला माजा बैल म्हाईत हाय.

मतदार यादी तर दादाला तोंडपाठ. कोण मेलं, कोण लगीन हून गेलं, कोण आंबीला कंपनीत जाऊन तितंच ऱ्हायलं, समदं. यादीला प्लास्टिकचं कव्हार घालून उशाला घ्यायचा. वहिनी म्हणायची, "माज्यापेक्षा तिच्याशी जास्त बोलता."

डोळ्याचं काम वाडीतल्या रतनमावशीपासनं सुरू झालं. मावशीनं भाकरी समजून तव्यावर हात ठिवला, तवा दादाला कळलं की तिला दिसतच न्हाई. तिला पाठीवर घिऊन डोंगर उतरला, तळेगावला धर्मादाय दवाखान्यात मोतीबिंदू काढून आणला. मंग दर म्हैन्याला एक जीप. खंडाळ्याच्या बंगलेवाल्यांच्या दारात जाऊन उबा ऱ्हायचा, जीप द्या म्हणायचा. कुत्री अंगावर आली तरी दुसऱ्या दिशी परत जायचा. आपरेशन झालेल्या म्हाताऱ्या काळे चष्मे लावून जीपमधनं उतरायच्या. दादा म्हणायचा, "बगा, शूटिंगवाल्या आल्या." रतनमावशी म्हणायची, "नवश्या, तुज्या थोबाडापरीस काळं व्हतं तेच बरं व्हतं."

त्यानं आबांला येकच मागितलं. वरच्या वाड्यांला दवाखान्याची कायमची गाडी. आबा म्हणले, "नवसू, तू सल्ला द्यायचा. मागायचं न्हाई." दादा घरी आला, जेवला. म्हणला, "गाडी द्याचं तितं बसणाऱ्याच्या हातात आसतं. मंग मीच बसतो." पंचायत समितीला अपक्ष फॉर्म भरायचं ठरलं.

फॉर्मवर सूचक लागतो, म्हंजे ह्याला उबं करा म्हणणारा. तो त्याच गणाच्या, म्हंजे मतदारसंघाच्या, यादीतला पायजे. आबांच्या भ्यानं कोण सही देईना. बायका द्यायला तयार व्हत्या, पर दादा म्हणला, "त्यांच्या घरावर येईल. माजी भैन हाय की."

आता माजं ऐका. त्याच्या आदी दोन वर्स आबांच्या मान्सांनी मळवलीला शिबीर घेतलं व्हतं, नव्या पत्त्याचं मतदान कार्ड करून द्यायचं. पोरीच्या दाखल्याला हितला पत्ता लागत व्हता. टेबलावरच्या पोरानं सांगितलंतं, "मावशी, हितं नाव आलं की गावचं जाणार." मी म्हणले जाऊदे. दादाला बोलले न्हाई. म्हणला आसता, बबी बंगल्यावर गेली आन वाडीची ऱ्हायली न्हाई.

दादा फॉर्म घिऊन आला तवा म्हणला, "कार्ड आन की, नंबर लिवतो."

मी म्हणले, "घावत न्हाई."

"न्हाई तर न्हाई. तुजा नंबर मला पाठ हाय," आसं म्हणून त्यानं जुना नंबर लिवला. सगळ्या गणाची नावं नव्या यादीत बगणारा माणूस, भैनीचं बगितलं न्हाई. भैनीचं काय बगायचं. मी सही केली. मला वाटलं येक सही, कोण बगतंय. लय बरं बी वाटलं, दादानं मलाच बोलावलं म्हणून.

छाननीला आबांच्या वकिलानं मळवलीची, म्हंजे दुसऱ्या गणाची, यादी पुढं ठिवली. त्यात माजं नाव, फोटूसकट. निवडणुकीच्या सायबांनी दादाला इचारलं, "ह्या कोण?" दादानं माज्याकडं बगितलं. येवढंच. मंग म्हणला, "साहेब, चूक माजी. मी तपासलं न्हाई."

फॉर्म पडला.

भाईर आल्यावर मी म्हणले, दादा, मला म्हाईत व्हतं. तो म्हणला, "कुनाला बोलू नको. तुला तितं नोकरी करायचीय, हितं यायचंय." मी बोलले न्हाई. मला तर तेच पायजे व्हतं.

मंग वाडीत काय काय झालं तुमाला म्हाईत हाय. पारावर सगळे म्हणायचे, दुसऱ्याला सल्ला देतो आन स्वताचा फॉर्म भराया येईना. कोण म्हणलं आबांकडनं घेतलं आसंल, मुद्दाम पाडला फॉर्म. दादा तितंच बसून ऐकायचा. मी बी येकदा व्हते, हातात चाचा कप, खाली बगत. डोळ्याच्या जीपला मानसं येईना झाली, ह्याच्या नादी लागू नका म्हणून. शेवटाला जीपमदी दोनच म्हाताऱ्या. तीन म्हैन्यांनी, त्यांलाच आणाया डोंगर चढताना त्याच्या छातीत कळ आली. वरच्या वाडीला गाडी न्हाई. झोळी करून आणला.

वरीसभर मी कुनाला बोलले न्हाई. पंदरा दिसांमागं रतनमावशीकडं गेले, तिला समदं सांगितलं. वाटलं पदराखाली घेईल. ती तांदूळ निवडत व्हती. निवडतच ऱ्हायली. म्हणली, "मला कशापाई सांगती? मी कुटं त्याला नावं ठिवली. ज्यांनी ठिवली त्यांला सांग." चा बी इचारला न्हाई मला.

म्हणून सांगतीया. ग्रुपवर हाय त्यांनी न्हाई त्यांला वाचून दावा. दादानं कुनाकडनं घेतलं न्हाई. त्याला फॉर्म भराया येत व्हता. मी खोटं बोलले म्हणून पडला. सोमवारी मी येणार हाय, पारावर परत तोंडानं सांगणार हाय. ज्याला जे बोलायचंय त्यानं मला बोला, मी बसून ऐकीन. पर त्याच्या फोटूम्होरं बोलू नका.

आन मंगळवारी जीप ठरवलीया. सकाळी सात वाजता खालच्या फाट्यावर. ज्यांचे डोळे ऱ्हायलेत त्यांनी या.