बैलांनी ओढलेलं हॉटेल

आपलं हॉटेल एक दिवस चालायला लागेल, असं ओतिली क्राऊझेला स्वप्नातसुद्धा वाटलं नव्हतं. हॉटेल कसलं, सरोवराकाठच्या पाच लाकडी खोल्या. तिच्या बापानं जर्मनीहून येऊन, जंगल तोडून, फळीला फळी जोडत उभ्या केलेल्या. पण आगबोटीचा धक्का पाण्यापलीकडच्या काठावर गेला, पाहुणे तिकडेच उतरायला लागले आणि हॉटेल ओस पडलं.

म्हातारा गॉटलीब तिथून हलायला तयार नव्हता. त्याच्या खिडकीसमोर सफरचंदाचं झाड होतं आणि झाडाखाली त्याची बायको माटिल्डा पुरलेली होती.

"तू जा खुशाल," तो लेकीला म्हणायचा. "मी तिला एकटी टाकून येणार नाही."

इथं राहावं तर खायचं काय, आणि बापाला सोडावं तर तोंड कुठं दाखवायचं? ओतिली रडकुंडीला आली. तेव्हा शेजारचा रेमिहिओ म्हणाला, "बाई, आमच्या चिलोए बेटावर लोक घरच ओढून नेतात. सगळ्यांनी मिळून करायचं, त्याला मिंगा म्हणतात. आपणही हे हॉटेल काठाकाठानं धक्क्यापर्यंत नेऊ. सगळा गाव येईल. मजुरीचं नाव काढू नका, लोकांना राग येतो. मेंढ्या भाजा, आणि सफरचंदाची दारू देताना हात आखडू नका."

धुक्याच्या सकाळी घराखाली ओंडके सरकवले, बैलांच्या जोड्या जुंपल्या.

"मी उतरणार नाही," गॉटलीब वरून ओरडला.

"उतरा म्हणतंय कोण?" रेमिहिओ हसला. "बसा खुर्चीत आजोबा, ऐटीत."

घर हललं. कपाटातल्या बशा किणकिणल्या. ओतिली बापाचा हात धरून बसली. खिडकीबाहेर धुकं, मग पाणी, मग पुन्हा धुकं, असं सावकाश सरकत होतं. आपण निजलोय की जागे आहोत, तेच तिला उमगेना. झाड दिसेनासं झालं तसे बापानं डोळे मिटले. हाक मारली तरी उघडेना. 

नव्या जागी पोचल्यावर रेमिहिओनं खालून विचारलं, "तोंड धक्क्याच्या रस्त्याकडे ना?"

ओतिलीनं पाण्यापलीकडे पाहिलं. धुकं विरत होतं.

"नाही. पाण्याकडे फिरवा."

"वेड लागलंय का बाई? पाहुण्यांना आधी स्वयंपाकघराची मागची भिंत दिसेल. वळसा घालून कोण येणार?"

"ज्याला भूक लागेल तो येईल. फिरवा म्हणते ना."

बैलांनी हॉटेल फिरवलं. गॉटलीबनं डोळे उघडले आणि तो बराच वेळ पलीकडे बघत राहिला.

"माटिल्डा आज फार लांब बसलीय," तो म्हणाला.

"हो, बाबा."

"तिथून तिला आपलं दार दिसत असेल ना?"

 ओतिलीनं खाली जाऊन दार सताड उघडलं.