भिकूने न घेतलेला श्वास

साठ सालानंतरची गोष्ट. मालवणसमोरच्या खडकांत पाण्याची खोली मोजायला नौदलाने आमची लाँच पाठवली होती. मी आणि भिकू, दोघेही डायव्हर, दोघेही लीडिंग सीमन. भिकू जवळच्याच देवबागचा.

निघण्याआधी मेडिकल ऑफिसरांनी लेक्चर दिलं. रक्त फुफ्फुसांतून प्राणवायू नेऊन स्नायूंना देतं. स्नायू त्यातला थोडा आपल्या लाल रंगात राखून ठेवतात. हातपाय झाडले की तो संपतो. बांगड्याच्या कडेचं काळपट मांस याच रंगामुळे, असंही ते म्हणाले. भिकू खूश. त्या दिवसापासून मेसमध्ये आमच्या ताटांतलं काळं मांस तो हक्काने उचलू लागला. दुसरी गोष्ट मात्र लेकाने कानाआड केली. बुडीआधी भराभर श्वास घेऊ नका, साहेबांनी बजावलं होतं. साठा वाढत नाही, श्वासाची ओढ तेवढी मरते आणि माणूस नकळत बेशुद्ध होतो. भिकूचं म्हणणं, खडकावरचे शिनाणे, म्हणजे शिंपले, काढायला आपला बाप असेच वीस श्वास घेऊन बुडतो.

दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी लाँच खडकावर आपटली, उलटली आणि बुडाली. बाकीच्यांना एका होडीने उचललं. मी इंजिनरूममध्ये राहिलो. डावा पाय लोखंडाखाली, पाणी गळ्याशी, वर वीतभर हवा. भीती वाटली, फार वाटली. पाय ओढून ओढून धाप लागली आणि हवा जड होत गेली.

भिकू आत आला. आमचे सिलिंडर लाँचमध्येच अडकले होते. तो उरातल्या श्वासावर आला होता. डोकं वर काढून म्हणाला, "हालू नको. हात-पाय ढिले सोड."

मी म्हटलं, श्वास घे.

"हो वारो तुझो," ही हवा तुझी, एवढं बोलून तो गेला.

मी पाय ओढायचा थांबलो. दुसऱ्या बुडीला त्याने होडीचा लोखंडी नांगर आणला. तिसरीला तो लोखंडाखाली घालून रेटला. चौथीला पाय सुटला. दर वेळी होडीला धरून तेच वीस श्वास, हे मला नंतर कळलं. माझ्या हवेतला एकही त्याने घेतला नाही. मला दाराबाहेर ढकललं. मी वर आलो, तो आला नाही. दहा मिनिटांनी त्याला काढला. चेहरा शांत होता.

देवबागला मीच गेलो. त्याची आई म्हणाली, "माझो झील सगळ्यांपेक्षा जास्त वेळ पाण्यात ऱ्हवायचो. मगे तो कसो बुडलो?"

वीस श्वासांचं मी काढलं नाही. बाप ओट्यावर बसून ऐकत होता. भिकूजवळ होतं ते माझ्यावर खर्च झालं, इतकंच सांगितलं. तेही खरंच होतं.

आजही बांगडा वाढला की काळं मांस मी ताटाच्या कडेला काढून ठेवतो. ते भिकूचं.